कर्नाटकी कशिदा गटात बसून शिकताना: मॅटीच्या घरापासून इरकलीच्या पदरापर्यंत

कसुती, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट कर्नाटकी कशिदा म्हणतात, तो मुळात धारवाड, हुबळी आणि भोवतालच्या गावांतला. इरकलीच्या पदरावर, खणाच्या चोळीवर, तान्ह्या बाळाच्या कुंचीवर गोपुरं, रथ, अंबारीचे हत्ती, तुळशीवृंदावनं, मोर, पोपट भरले जायचे ते याच टाक्यांनी. लग्नात मुलीला द्यायच्या काळ्या रेशमी चंद्रकळेवरही हाच कशिदा असे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या मराठी घरांत इरकली नेसली जायची, त्यामुळे हे नमुने आपल्यालाही परके नाहीत. परका असतो तो टाका, कारण या कामात कापडावर काहीही छापलेलं किंवा पेन्सिलीनं काढलेलं नसतं. कापडाचे धागे मोजायचे आणि सुई पुढे न्यायची. दोऱ्याला गाठ मारायची नाही. मुख्य टाक्यांत तर कापड उलटवलं तरी तीच नक्षी दिसली पाहिजे.

हा कशिदा सहा-आठ जणींनी एकत्र बसून शिकावा, असं माझं ठाम मत आहे. टाके व्हिडिओवर पाहून येतात, पण मोजणीतली चूक स्वतःला दिसत नाही. तिसऱ्या ओळीत एक घर (कापडाच्या विणीतला एक चौकोन) जास्त घेतलं गेलं, तर ते कळतं वीस टाक्यांनंतर, गोपुराची दोन टोकं जुळत नाहीत तेव्हा. शेजारी बसलेलीनं मधेच आपलं कापड हातात घेऊन उलटं करून पाहिलं, तर तीच चूक दोन मिनिटांत सापडते. म्हणून खाली जी पद्धत सांगते आहे ती एका सवयीभोवती बांधलेली आहे: दर अर्ध्या तासाला काम शेजारणीकडे द्यायचं आणि तिनं उलट बाजू तपासायची.

वर्ग निवडताना काय विचारावं

शिकवणाऱ्या बाईंना पहिली विनंती करा ती त्यांच्या कामाची उलट बाजू दाखवण्याची. ज्यांना गावंती (दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा कसुतीचा मुख्य टाका) नीट येते त्या आनंदानं दाखवतात. दुसरी गोष्ट, नमुना छापलेलं कापड मिळणार आहे का ते विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर तिथे कदाचित सुंदर भरतकाम शिकायला मिळेल, पण धागे मोजणं शिकायला मिळणार नाही, आणि कसुतीत मोजणं हाच पाया आहे. तिसरं, एका वेळी किती जणी असतील? आठच्या वर गेलं की बाईंना प्रत्येकीचा हात पाहणं जमत नाही. आणि चौथं, गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी (म्हणजे फुलीचा टाका) हे चारही टाके शिकवणार का? पुष्कळ ठिकाणी फक्त गावंती आणि फुलीचा टाका शिकवून वर्ग संपवतात. नेगी राहूनच जाते.

एका दिवसाच्या कार्यशाळेनं ओळख होते, हात बसत नाही. आठवड्यातून एकदा, अडीच तास, असे किमान आठ वर्ग हवेत. मधल्या दिवसांत रोज वीस मिनिटं घरी टाके घातले तरच पुढच्या वर्गात नवीन काही शिकण्यात अर्थ असतो.

शक्य असेल तर एकदा धारवाडला जाऊन यावं. बेळगावहून तो प्रवास दोन तासांचाही नाही. कसुतीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेलं आहे आणि धारवाड-हुबळी भागात आजही बायका हे काम करून चार पैसे मिळवतात. त्यांच्याकडून एखादा रुमाल विकत घ्या, योग्य किमतीला, घासाघीस न करता. त्या एका रुमालावरून गटाला जे शिकता येतं, ते इंटरनेटवरच्या शंभर फोटोंतून मिळत नाही, कारण फोटोत मागची बाजू नसते.

जवळपास वर्गच नसेल तर स्वतःचा गट करा. दोघींना फुलीचा टाका येत असेल आणि बाकीच्यांना सुई धरता येत असेल, तर सुरुवात करायला तेवढं पुरे.

सामान, आणि ते एकत्रच का घ्यावं

कापड सगळ्यांनी एकाच ताग्यातून घ्यावं. दोघींच्या कापडात इंचामागे दोन घरांचा जरी फरक असला तरी एकच नमुना एकीचा लहान आणि दुसरीचा मोठा होतो, मग तुलना करताच येत नाही. सुरुवातीला पांढरं किंवा फिकट बदामी मॅटी कापड घ्या, ज्यात इंचात साधारण १० ते १४ घरं सहज मोजता येतील. दुकानातच एक चाचणी करा. उभी २० घरं आणि आडवी २० घरं मोजून दोन्हींची लांबी पट्टीनं मोजा. दोन्ही सारख्या भरल्या पाहिजेत. तसं नसेल तर तुमचा चौकोन आयत होईल आणि मोर लठ्ठ दिसेल.

दोरा सहा धाग्यांचा सुती, लडीतला. एका लडीत ८ मीटर असतो. मॅटीवर सहापैकी दोन धागे वापरायचे. सहाच्या सहा एकदम ओढून दोन-दोन करू नका, एकेक धागा सुटा काढून मग दोन जोडा, म्हणजे पीळ पडत नाही. लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, साधारण ४५ सेंटीमीटर. याहून लांब दोरा पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन फुसफुशीत होतो. सुई बोथट टोकाची घ्यावी, २४ किंवा २६ नंबरची. टोकदार सुई कापडाचा धागा फोडते आणि मग ते घर मोजताच येत नाही.

बाकी लहान रिंग, बारीक टोकाची कात्री, आलेखाचा कागद आणि पेन्सिल. गटात एकच चांगलं भिंग असलं तरी चालतं. चाळिशीचा चष्मा असलेल्यांनी तो विसरू नये.

बसायचं कसं

उजव्या हातानं काम करणाऱ्यांना उजेड डावीकडून हवा, डावखुऱ्यांना उजवीकडून. वर्गात एखादी डावखुरी असेल तर तिला शिकवणाऱ्या बाईंच्या शेजारी न बसवता समोर बसवा. आरशात पाहिल्यासारखं सगळं तिला आपोआप कळतं. हे न केल्यामुळे डावखुऱ्या मुली पहिल्याच दिवशी ‘मला जमणार नाही’ म्हणून उठून जातात, आणि त्यात दोष त्यांचा नसतो.

पहिल्या वर्गात टाका नकोच. १५ सेंटीमीटरचा चौकोन कापून त्याच्या कडा दुमडून टाचा, मग गडद दोऱ्यानं दर १० घरांवर उभ्या-आडव्या धावदोऱ्याच्या रेघा घाला. या रेघा नंतर काढून टाकायच्या असतात. एकीनं मोजायचं, दुसरीनं त्याच रेघेवर उलट दिशेनं मोजून पडताळायचं. कंटाळवाणं वाटेल, पण डोळ्याला घर ओळखायची सवय लागते ती इथेच.

गावंती: जिथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा

गावंती म्हणजे जाऊन-येऊन घातलेला धावदोरा. जाताना एक टाका वर, एक खाली (वर म्हणजे दोरा कापडाच्या सुलट बाजूला, खाली म्हणजे उलट बाजूला). परत येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरायच्या. रेघ सलग होते, आणि दोन्ही बाजूंनी सलग होते. आडवी, उभी, तिरपी, तिन्ही दिशांना ती चालते. युरोपातही हा टाका होता. हान्स होल्बाइन या चित्रकारानं सोळाव्या शतकात काढलेल्या व्यक्तिचित्रांतल्या कपड्यांवर तो दिसतो, म्हणून तिकडे त्याला होल्बाइन टाका म्हणतात.

सरळ रेघ कोणालाही येते. अडचण येते ती फांदी फुटते तिथे. गोपुराच्या पायरीवर कळस आहे, मोराच्या मानेवर तुरा आहे, तिथे जायचं कधी आणि परत यायचं कसं? याचा नियम एकच: जाताना फांदी लागली की आधी फांदीच्या टोकापर्यंत जायचं, लगेच परत येऊन ती पूर्ण करायची, आणि मगच मुख्य रेघेवर पुढे सरकायचं.

हे हातानं करून पाहा. मुख्य रेघ १२ टाक्यांची धरा, प्रत्येक टाका २ घरांचा. चौथ्या आणि आठव्या टाक्याच्या शेवटी ३ टाक्यांची उभी फांदी.

१. सुई खालून वर काढा. पहिला टाका वर, दुसरा खाली, तिसरा वर, चौथा खाली. आता सुई वर आली आहे आणि तुम्ही फांदीच्या मुळाशी आहात.

२. फांदी चढा: वर, खाली, वर. टोकाशी पोहोचलात तेव्हा दोरा मागे गेलेला आहे.

३. त्याच वाटेनं उतरा: खाली, वर, खाली. सुई पुन्हा मुळाशी वर आली. फांदी दोन्ही बाजूंनी भरली.

४. पाचवा टाका वर, जणू फांदी लागलीच नव्हती. आठव्याशी पुन्हा तेच करा, मग बाराव्यापर्यंत जा.

५. बारावा टाका खालून गेला आहे, म्हणून परत फिरताना तो वरून घ्या, अकरावा खालून, दहावा वरून. असं सुरुवातीपर्यंत या. फांद्यांकडे आता बघायचंही नाही.

फांदी कितीही टाक्यांची असो, चढ-उतार मिळून टाके नेहमी समच होतात, त्यामुळे मुख्य रेघेचं वर-खाली बिघडत नाही. फांदीला पुन्हा फांदी असेल तरी हाच नियम. हे एकदा पक्कं झालं की कितीही गुंतागुंतीचं गोपूर सुटतं, फक्त त्याचे सगळे भाग एकमेकांना जोडलेले हवेत. सुटा ठिपका किंवा वेगळा डोळा असेल तर तिथे नवा दोरा घ्यावा लागतो. सुरुवातीला असे नमुने टाळा.

बंद आकृतीत एक फसवी जागा आहे. चौकोनाला फेरी मारून सुरुवातीला आलात की पुढे तसंच चालत राहावंसं वाटतं. टाके सम असतील तर दुसऱ्या फेरीत वरचा टाका वरच्याच टाक्यावर पडतो आणि मधल्या जागा रिकाम्याच राहतात. म्हणून बंद आकृती पूर्ण झाली की आल्या वाटेनं उलटं फिरायचं. विषम टाके असले तरी ही युक्ती चुकत नाही.

रेघ दातेरी दिसत असेल तर कारण बहुतेक हे असतं: परतीच्या फेरीत सुई आधीच्या टाक्याच्या कधी वरच्या अंगानं तर कधी खालच्या अंगानं निघते. एक बाजू ठरवून घ्या. सुई नेहमी जुन्या टाक्याच्या वरच्या अंगानं बाहेर काढा आणि खालच्या अंगानं आत घाला. रेघ लगेच सरळ होते.

गाठीशिवाय सुरुवात आणि शेवट

साधा मार्ग असा: सुरुवातीला ५-६ सेंटीमीटर दोरा मोकळा सोडा, काम झाल्यावर तो सुईत ओवून शेवटच्या तीन-चार टाक्यांच्या वाटेनंच, त्यांना चिकटून परत न्या आणि कापा. शेवटालाही तेच. ओढ इतकीच ठेवा की कापड आवळणार नाही.

मला आवडतो तो मार्ग वेगळा. सुई खालून वर काढा आणि दोरा बरोबर मध्यापर्यंत ओढा, अर्धा वर, अर्धा मागे. वरच्या अर्ध्यानं जायची फेरी घाला, सगळ्या फांद्यांसकट. मग मागच्या अर्ध्यात सुई ओवून सुरुवातीपासून त्याच दिशेनं जा. पहिला टाका वर पडलेला आहे, म्हणून हा खालून जातो, पुढचा वरून. दोन्ही अर्धे टोकाशी भेटतात. सुरुवातीला लपवायला शेपूटच उरत नाही. लहान बुट्ट्यांसाठी हे फार सोयीचं आहे.

या टप्प्यावर गटानं एक खेळ जरूर करावा. आलेखाच्या कागदावर एकच लहान गोपूर सगळ्यांना द्या. प्रत्येकीनं पेन्सिलीनं बाण काढून आपली वाट ठरवायची, मुख्य रेघ कुठली, फांद्या कुठल्या. मग कागद जोडीनं बदलून एकमेकींच्या वाटेनं बोट फिरवून पाहायचं. चार वेगळ्या वाटा निघतात आणि चारही बरोबर असू शकतात. या अर्ध्या तासात जे डोक्यात बसतं ते सुई हातात असताना बसत नाही.

मुरगी, नेगी, मेंथी

मुरगी म्हणजे पायऱ्यांचा टाका. गावंती आलेल्याला तो एका वर्गात येतो. जाताना आडवे टाके वर, उभे खाली. परतताना उभे वर. दोन्हीकडे सारखा जिना तयार होतो. सगळ्या पायऱ्या समान घरांच्या हव्यात, एवढंच सांभाळायचं.

नेगीला मात्र धीर लागतो. हा रफूसारखा, विणल्यासारखा दिसणारा टाका. ओळीत लहान-मोठे धावदोऱ्याचे टाके घालत जायचं आणि प्रत्येक ओळीत लांबी बदलून आकार उभा करायचा. शंकरपाळ्याच्या आकारापासून सुरुवात करा: पहिल्या ओळीत १ घर, मग ३, ५, ७, आणि परत उतरत १. नेगीची उलट बाजू सुलटसारखी नसते. पुढे जिथे दोरा आहे तिथे मागे कापड दिसतं आणि पुढे कापड आहे तिथे मागे दोरा. ही चूक नाही, ही नेगीची ओळखच आहे. लांब टाका ७ घरांच्या पुढे नेऊ नका, तो बांगडीत अडकतो आणि ओढला जातो.

मेंथी म्हणजे आपली फुली. गोपुराचं पोट किंवा हत्तीची झूल गच्च भरायला वापरतात. हीसुद्धा मागून वेगळी दिसते, तिथे उभ्या-आडव्या रेघा येतात. सगळ्या फुल्यांची वरची तिरपी एकाच दिशेला हवी. गटात बसताना सुरुवातीलाच दिशा ठरवून टाका, मग कोणाचंही काम हातात घेतलं तरी तपासता येतं. मेंथीनं कापड जड होतं, म्हणून साडीवर ती बेतानंच.

मॅटीवरून साडीवर

सरावाच्या मॅटीवर चारही टाके नीट आले की साडीच्या आधी एक मधला टप्पा घ्या: रुमाल, पिशवी किंवा ब्लाऊजची बाही. साडीच्या कापडात धागे बारीक असतात. इरकलीच्या सुती पोतावर ज्यांना ते दिसतात त्यांनी एकेका धाग्यावर मोजून काम करावं, दोऱ्याचा एकच धागा घेऊन. बाकीच्यांनी कॅनव्हास (घरं मोजायला वरून टाचायचं आणि नंतर काढून टाकायचं जाळीदार कापड) लावावा. कॅनव्हासचा तुकडा नमुन्यापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं मोठा कापून कापडावर टाचून घ्या, त्याच्या घरांत मोजून टाके घाला, पण सुई कॅनव्हासच्या धाग्यातून जाऊ देऊ नका. काम झाल्यावर कॅनव्हास थोडा ओला करा म्हणजे खळ सुटते, आणि त्याचे धागे एकेक करून आडवे ओढून काढा. घाई केली तर टाके सैल होतात. हे काम दोघींनी करावं, एकीनं कापड ताणून धरायचं आणि दुसरीनं धागा ओढायचा.

काळ्या किंवा गडद कापडावर काम करताना मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. कापडाची छिद्रं उजळून दिसतात.

मांडणीचा जुना संकेत असा की मोठे नमुने पदराजवळ आणि तिथून आत जाताना बुट्ट्या लहान आणि विरळ होत जातात. रंग गडद पार्श्वभूमीवर उठणारे: लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा. सहा-सात रंग एकत्र आणण्यापेक्षा तीन घ्या आणि ते पदरभर पुन्हा पुन्हा येऊ द्या. रंग निवडताना गटाचं मत ऐका, पण शेवटी साडी नेसणार तुम्ही आहात.

पूर्ण पदर भरायला महिने लागतात. त्यामुळे वर्ग संपला तरी गट मोडू नका. महिन्यातून एकदा भेटायचं, प्रत्येकीनं एक नवा नमुना आलेखाच्या कागदावर उतरवून आणायचा, घरातल्या आजीच्या इरकलीवरून घेतला असेल तर उत्तमच. कागदावर घरांची संख्या आणि कुठल्या साडीवरून घेतला ते लिहून ठेवा. हे कागद सगळ्यांच्या मालकीचे. साडीची मालकीण हयात असेल तर तो नमुना तिनं कुठून घेतला होता हेही विचारा. ही माहिती आणखी दहा वर्षांनी कोणाकडेच नसेल.

विकत घेताना आणि धुताना

बाजारात ‘कसुती’ म्हणून मशीनवर भरलेल्या साड्या सर्रास मिळतात. त्या घेऊ नयेत असं नाही, पण किंमत हाताच्या कामाची देऊ नये. मशीनच्या कामात मागे बॉबिनचा वेगळा दोरा असतो, बरेचदा कागदी अस्तरही चिकटवलेलं असतं. हाताची गावंती दोन्हीकडून सारखीच दिसते.

स्वतःचं काम पहिल्यांदा धुण्याआधी रंग जातो का ते पाहा: लाल आणि काळ्या दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून धरा. डाग पडला तर तो दोरा वापरायच्या आधीच गार पाण्यात, रंग सुटायचा थांबेपर्यंत धुऊन घ्यायला हवा होता, म्हणून ही चाचणी नवी लडी आणल्याच दिवशी करणं चांगलं. भरलेलं कापड गार पाण्यात सौम्य साबणानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवं वाळवा. इस्त्री जाड टॉवेलवर, सुलट बाजू खाली ठेवून, वरून दाबत फिरवा. नेगी आणि मेंथीचे उठावदार टाके त्यामुळे चपटे होत नाहीत.